उभी बाटली, आडवी बाटली



नाताळ आणि ईस्टर जवळ आले की एक प्रश्न हमखास कानावर येतो. तो बहुधा थट्टेच्या सुरात विचारला जातो, पण विचारणाऱ्याच्या मनात तो थट्टेचा नसतो. "फादर, मी भट्टीवर जात नाही, बारमध्ये बसत नाही, कोणाशी भांडत नाही. घरी कपाटात चार चांगल्या व्हिस्की ठेवल्या आहेत. शनिवारी संध्याकाळी एक पेग घेतो, तोही चव घेत घेत. यात पाप कुठे आले?" अशाच एखाद्या घरातली गृहिणी तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारते: "ते पीत फारसे नाहीत फादर, पण बाटल्या मात्र वाढत चालल्या आहेत. याला काय म्हणायचे?"

दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. म्हणूनच त्यांना 'दारू वाईट' एवढ्या दोन शब्दांत वाटेला लावणे योग्य नाही, आणि 'चालते हो, आजकाल सगळेच घेतात' असे म्हणून सोडून देणेही योग्य नाही. आज आपण या प्रश्नाचा थोडा शांतपणे विचार करू या.

वस्तू वाईट आहे काय?

ख्रिस्तसभेच्या सुरुवातीच्या शतकांत एनक्रॅटाइट नावाचा एक पंथ होता. मांस, विवाह आणि द्राक्षारस या गोष्टी मुळातच वाईट आहेत असे ते मानत. त्यांच्यापैकी काही जण पवित्र मिस्सामध्येसुद्धा द्राक्षारसाऐवजी नुसते पाणी वापरत. ख्रिस्तसभेने ही शिकवण नाकारली. देवाने निर्माण केलेल्या वस्तूत वाईटपणा नसतो, तो माणसाच्या वापरात शिरतो, हे तिचे म्हणणे आजही कायम आहे. काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला तो पेलाभर नव्हे, सहा मोठे रांजण भरून. संत पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला. आपल्या वेदीवर रोज द्राक्षारस अर्पण होतो. एवढेच कशाला, १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानेही धार्मिक विधीसाठी लागणाऱ्या द्राक्षारसाची वेगळी तरतूद ठेवली आहे.

व्हिस्कीचा इतिहासही मठाच्या भिंतीला लागूनच जातो. स्कॉटलंडच्या राजदरबाराच्या हिशेबवहीत १४९४ सालची एक नोंद आहे. राजाच्या हुकमावरून जॉन कॉर नावाच्या एका ख्रिस्ती संन्याशाला 'जीवनाचे पाणी' तयार करण्यासाठी आठ बोल माल्ट दिले, असे तीत लिहिले आहे. बोल हे तेव्हाचे धान्याचे माप, आणि माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. स्कॉच व्हिस्कीच्या इतिहासातला हा सर्वांत जुना लेखी पुरावा मानला जातो. 'व्हिस्की' हा शब्दही तेथील गेलिक भाषेतल्या 'जीवनाचे पाणी' या अर्थाच्या शब्दावरूनच आलेला आहे.

तेव्हा व्हिस्की ही वस्तू म्हणून पापमय आहे, असे कॅथलिक माणसाला म्हणता येत नाही. पण येथे थांबून जे कपाटाकडे वळतात त्यांना मी थोडे थांबायला सांगेन. 'वस्तू वाईट नाही' या वाक्यातून 'म्हणून माझा वापर चांगला आहे' हे वाक्य निघत नाही. विळा वाईट नसतो, पण तो कोणाच्या हातात आहे आणि कशासाठी उचलला आहे, हे पाहावेच लागते.

संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा' या आपल्या ग्रंथात हाच मुद्दा फार नेमकेपणाने मांडला आहे. मद्य स्वतः निषिद्ध नाही, पण परिस्थितीमुळे ते निषिद्ध होऊ शकते, असे ते म्हणतात, आणि अशा परिस्थिती मोजून सांगतात. पिणारा असा असेल की त्याला थोड्यानेही बाधते. त्याने न पिण्याचा नवस केला असेल. तो मर्यादा ओलांडत असेल. किंवा त्याच्या पिण्यामुळे दुसरा अडखळून पडत असेल. सातशे वर्षांपूर्वीची ही यादी आजही पुरेशी आहे. तिच्यातील शेवटच्या मुद्द्याकडे आपण पुढे येऊच.

चव घेणे

आता 'मी फक्त चव घेतो' या म्हणण्याकडे वळू. हे म्हणणे नेहमीच ढोंग असते असे नाही. चांगली व्हिस्की बनवणे हे खरोखर कौशल्याचे आणि धीराचे काम आहे. स्कॉचला स्कॉच म्हणवून घेण्यासाठी ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरावे लागते. बाटलीवर 'बारा वर्षे' लिहिले असेल तर तिच्यातला सर्वांत कोवळा थेंबही बारा वर्षांचा असावा लागतो. मुरत असताना पिंपातून काही भाग दरवर्षी हवेत उडून जातो. त्याला तिकडचे लोक 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. स्कॉटलंडच्या थंडीत हा वाटा वर्षाला सुमारे दोन टक्के असतो, तर आपल्याकडे बंगळुरूच्या हवेत दहा-बारा टक्क्यांपर्यंत जातो. तेथील अमृत डिस्टिलरीने २०१३ मध्ये काढलेल्या एका व्हिस्कीचे नाव गमतीने 'हावरे देवदूत' या अर्थाचे ठेवले होते.

ही अमृत कंपनी १९४८ साली जगदाळे कुटुंबाने सुरू केली. जगदाळे हे आडनाव आपल्या कानांना अगदी घरचे वाटते. ऑगस्ट २००४ मध्ये त्यांनी आपली सिंगल माल्ट व्हिस्की थेट स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात नेऊन बाजारात आणली, म्हणजे काशीत जाऊन गंगाजल विकण्याचाच प्रकार. पण ती तेथे मान्य झाली. त्यानंतर २०१२ मध्ये गोव्यातील पॉल जॉन ही व्हिस्की इंग्लंडच्या बाजारात गेली. तिची भट्टी कुंकळ्ळी येथे आहे, जेथे १५८३ मध्ये येशूसंघीय रुडॉल्फ अक्वाविवा आणि त्यांचे सोबती हुतात्मे झाले. आज भारतीय माल्ट व्हिस्कीला जगभर मान आहे. तेव्हा एखाद्याने तिचा रंग पाहावा, वास घ्यावा, धूर, मध, लाकूड असे पदर ओळखावेत, यात जाणतेपणाचा आनंद आहे. आनंद हे पाप नव्हे. उलट सर्व सुखांकडे पाठ फिरवून कोरडे होऊन बसणे हाही एक दोषच आहे, असे अॅरिस्टॉटलने आणि त्याच्या मागोमाग संत थॉमस यांनी म्हटले आहे.

परंतु जो 'चवीसाठी' असे म्हणतो, त्याने चवीचीच साक्ष मान्य करावी. पहिल्या पेगला जीभ जागी असते. दुसऱ्यानंतर ती बोथट होऊ लागते. तिसऱ्या पेगला बाटली बारा वर्षांची आहे की बारा दिवसांची, हे सांगणे जाणत्यालाही कठीण जाते. मग तिसरा पेग कशासाठी भरला? त्या क्षणी चवीचा युक्तिवाद संपला, आणि उरली ती नशा. चव ही मर्यादा शिकवणारी असेल तर ती सद्गुणाची मैत्रीण आहे. तीच जर अमर्यादेवर पांघरूण घालायला वापरली, तर ती नुसती सबब आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आपल्या समाजात देशी पिणाऱ्याला 'दारुडा' म्हणतात आणि महागडी विदेशी पिणाऱ्याला 'शौकीन'. पण यकृताला बाटलीवरचे लेबल वाचता येत नाही. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक व्हिस्कीत ४२.८ टक्के अल्कोहोल असते. म्हणजे साठ मिलीच्या एका मोठ्या पेगमध्ये सुमारे वीस ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जाते, मग बाटली पाचशेची असो की पंधरा हजारांची. अल्कोहोलमुळे कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच नोंदवले. आणि आरोग्याच्या दृष्टीने पूर्ण सुरक्षित म्हणता येईल असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही, असे याच जागतिक संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केले. 'रोज थोडी घेतलेली औषधासारखी असते' असे आपल्याकडे अजूनही म्हणतात. ते म्हणणे आता सोडून द्यायला हवे. जो घेतो त्याने आनंदासाठी घेतो म्हणावे, औषधाचे नाव पुढे करू नये.

साठवणे

आता गृहिणीच्या प्रश्नाकडे येऊ. पिणे फारसे नाही, पण बाटल्या वाढत आहेत. हा प्रश्न मला पहिल्यापेक्षा अवघड वाटतो, कारण येथे नशा नाही, तरी मनात काहीतरी खटकते.

व्हिस्कीचा एक गुणधर्म लक्षात घेऊ. द्राक्षारस बाटलीतही बदलत राहतो, व्हिस्कीचे तसे नाही. पिंपातून काढून काचेत भरली की तिचे वय तेथेच थांबते. बारा वर्षांची व्हिस्की कपाटात आणखी दहा वर्षे ठेवली तरी ती बारा वर्षांचीच राहते. उलट एकदा उघडली की हवा लागून हळूहळू उतरत जाते. म्हणून साठवल्याने ती चांगली होईल, हे कारण काही खरे नाही. मग माणूस ती का साठवतो?

मला तीन कारणे दिसतात. एक, आठवण. मुलाने दुबईच्या पहिल्या पगारातून येताना आणलेली बाटली, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला भावाने दिलेली बाटली. दोन, आतिथ्य. कोणी जिव्हाळ्याचे घरी येईल तेव्हा उघडू, म्हणून जपलेली. तीन, संख्या. आठ होत्या, दहा झाल्या, आता अमुक एक मिळाली की बारा होतील. पहिल्या दोन कारणांत बाटलीच्या मागे एक माणूस उभा आहे. तिसऱ्यात बाटलीच्या मागे फक्त पुढची बाटली उभी आहे.

संत ऑगस्टिन यांनी 'वापरणे' आणि 'रमणे' असा एक भेद केला आहे. जगातील वस्तू देवाकडे आणि माणसाकडे जाण्यासाठी वापरायच्या असतात, आणि मनाने कायमचे रमायचे ते देवाच्या ठायी. आपण वस्तूतच रमून मुक्काम ठोकला की वाटेतली धर्मशाळाच घर होऊन बसते. संग्रहाचा धोका हा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये लंडनच्या सदबीज या लिलावगृहात १९२६ साली गाळलेल्या मॅकॅलन व्हिस्कीची एक बाटली जवळजवळ २२ लाख पौंडांना विकली गेली. साठ वर्षे पिंपात मुरवून १९८६ मध्ये अशा फक्त चाळीस बाटल्या भरल्या होत्या. एवढी किंमत मोजलेली बाटली कोण उघडेल? जी वस्तू पिण्यासाठी केली तीच पिण्याच्या पलीकडे गेली. ती आता पेय राहिली नाही, सोन्याच्या विटेसारखी झाली. आपल्या कपाटातली बाटली एवढी महाग नसते, पण 'ही उघडायची नाही' असे म्हणताना आपणही त्याच वाटेवर एक पाऊल टाकतो.

लूकच्या शुभवर्तमानातील तो श्रीमंत शेतकरी आठवा, ज्याने जुनी कोठारे पाडून मोठी बांधायचे ठरवले आणि त्याच रात्री त्याला बोलावणे आले. चौथ्या शतकात महागुरू संत बझील यांनी याच दाखल्यावर प्रवचन दिले. कुलपात पडून राहिलेली वस्तू मुळात गरजवंताच्या वाट्याची असते, असा त्यांच्या प्रवचनाचा आशय आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. "फादर, २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव होता क्विंटलला ८,११० रुपये. अठरा वर्षांची आयात स्कॉच त्याहून महाग, हे खरे. पण असेच मोजायचे तर मोबाइल, लग्नातले जेवण, चर्चची रोषणाई, सगळेच कापसाच्या तागडीत घालावे लागेल. बेथानीत स्त्रीने प्रभूवर सुगंधी तेल ओतले तेव्हा यहूदानेही हाच हिशेब केला होता ना?"

खरे आहे. ते जटामांसीचे तेल तीनशे दीनारांचे होते, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई. ते विकून गरिबांना का दिले नाही, असे विचारणाऱ्याची बाजू प्रभूने घेतली नाही. यावरून महाग वस्तू असणे हेच पाप, असे म्हणता येत नाही. पण त्या घटनेत आणखी एक गोष्ट आहे. त्या स्त्रीने कुपी जपून ठेवली नाही, ती फोडली. ते तेल तिने स्वतःसाठी राखले नाही, दुसऱ्यावर ओतले, आणि सारे घर सुवासाने भरून गेले. महाग वस्तू दुसऱ्यासाठी ओतणे आणि महाग वस्तू स्वतःसाठी कुलपात ठेवणे, या दोन गोष्टींचा हिशेब रुपयांत सारखा असेल, पण नीतीत सारखा नाही. म्हणून संग्राहकाला माझा प्रश्न किमतीचा नाही. प्रश्न असा की, तुमची सर्वांत चांगली बाटली तुम्ही कोणासाठी उघडाल? साहेबांसाठी, की जुन्या वर्गमित्रासाठी जो आता छोटी किराणा टपरी चालवतो? आणि ती उघडल्यावर तुम्हाला आनंद होईल, की रिकाम्या होत जाणाऱ्या बाटलीकडे पाहून जीव तुटेल?

घर

'मी बाहेर पीत नाही, घरीच घेतो' हे आपण एक जमेची बाजू म्हणून सांगतो. रस्त्यावर तमाशा होत नाही, आणि पिऊन गाडी चालवण्याचा प्रश्न येत नाही, हे चांगलेच आहे. नशेत गाडी चालवून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर दोष आहे, असे ख्रिस्तसभेची धर्मशिकवण स्पष्ट सांगते. (पाहुणा मात्र घरी परत जाताना गाडीवरूनच जातो, हे यजमानाने विसरू नये.)

पण घराची दुसरी बाजूही आहे. बाहेरच्या पिण्याला काही कुंपणे असतात. दुकान बंद होते, प्रत्येक पेगला पैसे मोजावे लागतात, २ ऑक्टोबरसारखा ड्राय डे येतो, आणि चार लोक बघत असतात. आपल्या भागातील गोंड-कोलाम वस्त्यांमध्ये मोहाच्या फुलांची दारू पूर्वापार आहे. पण तिचे मूळ स्थान सण, लग्न, पूजा, म्हणजे ठरलेला प्रसंग आणि सगळ्यांची सोबत, असे होते. तेथेही ही कुंपणे मोडली तेव्हा घरे मोडली. घरच्या कपाटाला मुळात कुंपणच नसते. ते मंगळवारी दुपारीही उघडते. तेथे एकटा माणूस बसू शकतो. म्हणून जो घरी ठेवतो त्याला बाहेर पिणाऱ्यापेक्षा जास्त संयम लागतो, कमी नव्हे.

त्यात घरात मुले असतात. आपल्या राज्यात व्हिस्की घेण्याचे वय पंचवीस आहे, आणि मद्य विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, हे कित्येकांना माहीतही नसते. वर्धा नदीच्या पलीकडे वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे, त्यामुळे देवळीच्या मेहुण्यासाठी पिशवीतून नेलेली 'भेट' हा गुन्हा ठरतो. कायदा पाळणे हा नीतीचा शेवट नाही, पण सुरुवात नक्कीच आहे. मुले वडिलांचे शब्द विसरतात, त्यांची सवय विसरत नाहीत. दिवाणखान्यात बायबल भिंतीतल्या कोनाड्यात आणि बाटल्या दिव्यांच्या प्रकाशात काचेच्या कपाटात असतील, तर या घरात कशाला मान आहे हे मुलाला सांगावे लागत नाही.

आपला जिल्हा

अॅरिस्टॉटल म्हणतो की सद्गुण हा मध्य आहे, पण तो गणितातला मध्य नव्हे. पहिलवानाला जेवढे अन्न कमी पडेल तेवढेच नवशिक्याला जास्त होईल. मध्य ठरवताना माणूस पाहावा लागतो, स्थळ आणि काळही पाहावा लागतो. आपले स्थळ यवतमाळ जिल्हा आहे.

या जिल्ह्याने कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्यांची घरे पाहिली आहेत. अशा कित्येक घरांत कर्ज, नापिकी आणि दारू यांचा गुंता एकमेकांत इतका अडकलेला असतो की कोणता धागा आधी ओढला गेला, हे सांगता येत नाही. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत दारूची दुकाने बंद असताना वणी येथे सॅनिटायझर पिऊन किमान सात जण मरण पावले. ती हातावर पोट असलेली माणसे होती. त्यांना आपण मूर्ख म्हणून मोकळे होऊ नये. हात धुण्याचे रसायन पिण्यापर्यंत माणूस जातो तेव्हा तो निवड करत नसतो. त्याची निवडण्याची शक्तीच दारूने हिरावून घेतलेली असते. व्यसन हा आजार आहे तो याच अर्थाने.

गडचिरोलीत लोकांच्या चळवळीनंतर १९९३ मध्ये दारूबंदी झाली. चंद्रपुरात एप्रिल २०१५ मध्ये झाली आणि २०२१ मध्ये उठवली गेली. बंदीने प्रश्न सुटतो की अवैध दारू वाढते, यावर जाणत्या माणसांतही मतभेद आहेत, आणि तो वाद मी येथे मिटवू शकत नाही. पण एक चित्र विसरता येत नाही. आपल्या राज्यात गावातल्या बायकांनी रीतसर मागणी केली तर दारूच्या दुकानावर मतदान घेता येते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात: उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान राहावे असे वाटणाऱ्याने उभ्या बाटलीवर शिक्का मारायचा, बंद व्हावे असे वाटणाऱ्याने आडव्या. पुरेशा बायकांनी आडव्या बाटलीला मत दिले की दुकान बंद होते.

व्हिस्कीच्या जाणकारांचा नियम असा आहे की बाटली नेहमी उभीच ठेवावी. आडवी ठेवली तर तीव्र मद्य बुचाला लागून बूच खराब होते. हा नियम बरोबर आहे. पण आपल्याच जिल्ह्यात एका घरी बूच खराब होऊ नये म्हणून बाटली उभी जपली जाते, आणि काही कोसांवर दुसऱ्या घरची बाई आपला संसार खराब होऊ नये म्हणून बाटली आडवी व्हावी यासाठी रांगेत उभी राहते, या दोन गोष्टी एकाच वेळी मनात ठेवल्याशिवाय आपल्या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही.

संत पौलासमोर करिंथ येथे असाच प्रश्न आला होता, मूर्तींना दाखवलेल्या मांसाचा. ज्यांना समजत होते ते म्हणत, मूर्ती म्हणजे काहीच नाही, मग खायला काय हरकत? पौल म्हणाला, तुमचे म्हणणे बरोबर आहे, पण तुमच्या बरोबर असण्याने दुर्बळ बंधू पडणार असेल तर मी ते मांस कधीच खाणार नाही. येथे 'अडखळण' याचा अर्थ 'लोक काय म्हणतील' असा नाही. लोक काहीही म्हणतात. अडखळण म्हणजे जो कष्टाने उभा राहिला आहे त्याच्या पायाखाली ठेवलेला दगड. आपल्याच धर्मग्रामात असे बंधू असतील, ज्यांनी महिना-महिना, वर्ष-वर्ष मोजून दारूपासून दूर राहण्याचा प्रयत्न चालवला आहे. ते कपाळावर पाटी लावून फिरत नाहीत. लग्नात, बाप्तिस्म्याच्या जेवणात, नाताळच्या फराळाला तेही आपल्या घरी येतात. "घे ना गा, एकानं काय होते!" हे वाक्य आपण प्रेमाने म्हणतो. त्या माणसाचे त्या एकानेच सर्व काही होते. नको म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा आग्रह करायचा नाही, एवढा एक नियम जरी प्रत्येक घराने पाळला तरी ते मोठे पुण्याचे काम होईल.

मग काय करावे?

मी कोणाच्या घरी येऊन कपाट तपासणार नाही, आणि कपाटात बाटली आहे म्हणून कोणी वाईट ख्रिस्ती ठरत नाही. विवेकबुद्धी प्रत्येकाला देवाने दिली आहे, पण ती जागी ठेवावी लागते. म्हणून काही प्रश्न देतो. त्यांची उत्तरे मला देऊ नका, स्वतःला द्या.

प्रायश्चित्तकाळाचे चाळीस दिवस मी कपाट बंद ठेवू शकतो काय, तेही कुरकुर न करता आणि ईस्टरची तारीख न मोजता? बाटलीची खरी किंमत मी घरात सांगितली आहे काय? माझी सर्वांत चांगली बाटली उघडायला मला कोणाची सोबत लागते, की एकांत लागतो? माझ्या घरी येणाऱ्याला सरबतही तितक्याच मानाने मिळते काय? आणि या छंदावर जेवढे खर्च होते त्याच्या शेजारी, दुसऱ्याच्या गरजेवर काय खर्च होते?

पिंपातून दरवर्षी उडून जाणाऱ्या भागाला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात, हे वर सांगितलेच. तो भाग वाया गेला असे कारागीर मानत नाही. तो गेल्याशिवाय राहिलेल्याला गोडी येत नाही, हे त्याला ठाऊक असते. संग्रह करणाऱ्यानेही आपल्या साठ्यातून असा एक वाटा बाजूला काढावा. एका बाटलीची किंमत एका मुलाच्या शाळेच्या फीसाठी, एखाद्या विधवेच्या बियाण्यासाठी गेली, तर उरलेल्या बाटल्यांकडे पाहताना मन अधिक मोकळे राहील.

ज्यांना या प्रश्नांपैकी पहिल्याच प्रश्नावर अडखळायला झाले, त्यांच्यासाठी दोन शब्द. डब्लिन शहरातील मॅट टॅलबट हा मजूर वयाच्या बाराव्या वर्षापासून प्यायला लागला. काही काळ तो व्हिस्कीच्याच गोदामात कामाला होता. १८८४ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने न पिण्याची शपथ घेतली आणि १९२५ मध्ये मिस्साला जाताना रस्त्यात मरण येईपर्यंत ती पाळली. १९७५ मध्ये ख्रिस्तसभेने त्याला आदरणीय म्हणून घोषित केले. आपल्याकडे १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात सुरू केलेल्या 'मुक्तांगण'मधून कितीतरी माणसे आपल्या घरी परतली. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभांना बसायला पैसे लागत नाहीत, नाव-गावही सांगावे लागत नाही. अशा माणसासाठी 'मध्यम मार्ग' हा शून्य आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. तो किंवा त्याच्या घरचे कोणी केव्हाही माझ्याकडे येऊन बसू शकतात. उपदेश करणार नाही, चहा देईन.

राहिलेल्यांनी घरी जाऊन कपाट उघडावे, बाटल्या मोजाव्यात, आणि प्रत्येकीच्या मागे कोणते माणूस उभे आहे ते आठवून पाहावे. जिच्या मागे कोणीच सापडणार नाही, तिचे काय करायचे ते तुमच्या मनाला कळेल.

प्रभू आपणा सर्वांना विवेक आणि आनंद दोन्ही देवो.